दोन ओळींची खिडकी

माझी आत्या पोलिसात आहे हे मी शाळेत असताना कुणाला सांगायचेच नाही, कारण सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, बंदूक आहे का, आणि आत्याकडे बंदूक नव्हती, पेनं होती. दोन निळी, एक काळं. एकोणीस वर्षं ती एकाच ठाण्यात एकाच टेबलाशी बसून स्टेशन डायरी लिहीत होती. स्टेशन डायरी म्हणजे दिवसभरात ठाण्यात जे जे होतं ते वेळेसकट लिहायची जाडजूड वही. कोण कामावर आलं, कोण बाहेर गेलं, कुणाला आणलं, कुणाला सोडलं, सगळं. तिचं अक्षर असलं सुरेख की ठाण्यात तिला छापखाना म्हणायचे. तोंडावर नाही, तोंडावर बाई. पण तिला माहीत होतं, आणि आवडायचं पण.

ती आमच्याकडेच राहते, माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न नाही केलं. का नाही केलंस विचारलं की म्हणते, वेळच कुठे मिळाला, सगळा वेळ दुसऱ्यांच्या वेळा लिहिण्यात गेला. हे ती प्रत्येक पाहुण्याला सांगते आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसते.

तर मागच्या वर्षी वरून आदेश आला की पोलिसांनी कसं वागायचं, काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, याची नवी आचारसंहिता लिहायची. त्यासाठी समिती. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश, मग खात्यातले एक मोठे साहेब, एक प्राध्यापक बाई, अजून दोघं, आणि आदेशातच लिहिलं होतं की खालच्या हुद्द्यावरचं एक माणूस घ्या. साहेबांनी आत्याचं नाव दिलं. बाबा म्हणाले, ताई, तुला का घेतलंय कळतंय ना, तू बोलणार नाहीस आणि बैठकीत कोण काय बोललं ते छान लिहून ठेवशील. आत्या म्हणाली, मला पण तसंच वाटतंय. आणि बुटांना पॉलिश करायला बसली.

समितीला सगळं ईमेलवर लागायचं आणि आत्या टाइप करते एका बोटाने, ते पण बोट आधी हवेत फिरतं, मग कावळ्यासारखं खाली येतं. म्हणून ती हाताने लिहायची आणि मी टाइप करायचे. मला हे सगळं माहीत आहे ते त्यामुळे.

पहिला मसुदा आला तो नुसता मोठ्या शब्दांचा. निष्ठा, सचोटी, संवेदनशीलता, आदर. आत्याने चष्मा वर सरकवून दोनदा वाचला आणि म्हणाली, "छान आहे गं, लग्नपत्रिकेसारखं. पण सकाळी आठला कामावर गेल्यावर नेमकं करायचं काय?"

हाच प्रश्न तिने बैठकीत विचारला. आणि गंमत म्हणजे न्यायाधीशांना तो आवडला. मग आदर म्हणजे काय, तर तक्रार द्यायला आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्यायची. सचोटी म्हणजे काय, तर जबाब घेतला की तो त्या माणसाला वाचून दाखवायचा आणि मगच सही घ्यायची. असे एक एक करत अठरा नियम झाले, त्यातले निम्मे आत्याचे. ती घरी यायची ती उड्या मारतच, म्हणजे आत्याच्या वयाला आणि गुडघ्यांना जमतील तेवढ्या. वेडी झाली होती अगदी. भाजी चिरताना मध्येच थांबून म्हणायची, थांब, थांब, लिहून घे, तक्रारदार बाई एकटी असेल तर दार उघडं ठेवायचं.

मग एका दुपारी तिने एकोणिसावा लिहून दिला. स्टेशन डायरीत एकही ओळ मोकळी सोडू नये. मी टाइप केला आणि म्हटलं, आत्या, हा काय नियम झाला, वहीत ओळ सोडून कोण लिहितं, मी पहिलीत पण नाही सोडली. तिने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग सांगितलं.

ठाण्यात याला खिडकी म्हणतात. एखादी गोष्ट झालीये पण ती कशी लिहायची हे अजून ठरलेलं नाहीये, तर साहेब नुसतं म्हणतात, बाई, खिडकी ठेवा. की दोन ओळी मोकळ्या सोडायच्या आणि पुढची नोंद त्याखाली सुरू करायची. नंतर, दुसऱ्या दिवशी वगैरे, काय लिहायचं ते ठरलं की त्या दोन ओळींत बसवायचं. वही बघणाऱ्याला वाटतं सगळं वेळच्या वेळी लिहिलंय. आणि बसवणं हे खरं कसब, कारण दोनच ओळी, अक्षर दाटलेलं दिसता कामा नये आणि फाकलेलंही नको. आत्याइतकं कुणाला जमायचं नाही.

सगळ्या खिडक्या वाईट नसतात, असंही म्हणाली. तिच्या ठाण्यात एक हवालदार आहे, सगळे त्याला लांब्या म्हणतात, दारातून वाकून यावं लागतं इतका उंच. त्याची मुलगी दवाखान्यात होती तेव्हा तो दोन तास उशिरा आला होता, आत्याने खिडकी ठेवली आणि मागाहून आठला हजर असं लिहून दिलं. नाहीतर त्याची बढती गेली असती. त्या खिडकीतून कधीकधी चांगला वारा पण येतो, म्हणून ती कुणी लावून घेत नाही, असं म्हणाली ती.

एकोणिसावा नियम बैठकीत वाचला गेला आणि साहेब हसले. म्हणाले, बाई, आपण नीतिमत्ता लिहितोय, वह्यांना रेघा नाही मारत. सगळे हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी विचारलं की असं खरंच होतं का, तुम्ही पाहिलंय का. आणि माझी आत्या, जी मी खोटं बोलले की माझा कान पिळायची, ती म्हणाली, ऐकलंय.

न्यायाधीश म्हणाले, ऐकीव गोष्टीवर मला नियम करता येणार नाही. पुढच्या बैठकीत एक उदाहरण आणा, तारखेसकट. नाही मिळालं तर एकोणिसावा गाळू.

घरी आली, बूट काढले आणि एक बूट हातात धरूनच बसून राहिली. बाबांनी दोनदा विचारलं काय झालं. मग तिने सांगितलं, सलग, एका दमात, जबाब देतात तसं.

अकरा वर्षांपूर्वी एका दुकानातल्या चोरीच्या संशयावरून एका माणसाला आणलं होतं. चष्म्याच्या दुकानातला कारागीर, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. आणला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. आत्याने घड्याळ बघितलं होतं कारण ते तिचं कामच. साहेब म्हणाले, खिडकी ठेवा. तिने ठेवली. मागच्या खोलीतून आवाज येत होते आणि ती खालच्या ओळींवर लिहीत होती, कुणाची तरी सायकल हरवली, कोण तरी बंदोबस्ताहून परत आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी सांगितलं तसं तिने त्या दोन ओळींत लिहिलं, रात्री नऊ चाळीसला ताब्यात घेतले, पळताना पडल्याने उजव्या हातास मार. चोरी त्याने केलीच नव्हती, दोन महिन्यांनी खरा चोर सापडला. पण हात गेला तो गेला, अंगठा आणि बोट जुळेना, चिमटीत काही धरता येईना. त्याने कोर्टात सांगितलं की मला चारलाच आणलं होतं आणि मारलं. कोर्टाने डायरी मागवली. डायरीत कुठे खाडाखोड नाही, गिरवलेलं नाही, मोत्यासारखं अक्षर. त्याची तक्रार निकालात निघाली.

"आणि साहेब हेच, समितीतले," आत्या म्हणाली. "तेव्हा ठाण्याला होते. म्हणून तर माझं नाव दिलंय त्यांनी. त्यांना माहितीये मी गप्प बसते."

मी लगेच म्हटलं, मग यात विचार कसला करायचा, सांगून टाक. ती म्हणाली, तुझं काय, तुझं तोंड म्हणजे बिघडलेला नळ. बाबा माझ्यावर ओरडले आणि मी बाबांवर. बाबांचं म्हणणं, निवृत्तीला तेरा महिने राहिलेत, आता हे बोललीस तर नोकरी जाईल, कदाचित तुझ्यावरच केस होईल, आणि साहेबांना काही होणार नाही. तू गप्प बसलीस तर कुणाचं काय बिघडतंय, अठरा नियम झालेत ना, अठरा काय कमी आहेत.

"अठराच्या अठरा पाळून पण ते झालं असतं रे," आत्या म्हणाली.  बाबा टेबलावरचे बिस्किटांचे कण गोळा करत बसले.

ठाण्यात कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. लांब्या घरी आला. एरवी आला की मला म्हणायचा, काय कलेक्टर, अभ्यास कसा चाललाय. त्या दिवशी दारातच उभा. बसा म्हटलं तरी बसेना. म्हणाला, "बाई, खिडकी बंद केलीत तर आधी आम्ही गुदमरणार. साहेब लोकांना दारं आहेत." आणि गेला. मला त्याचा राग आला नाही याचंच मला वाईट वाटलं. तो चुकीचं कुठे बोलला होता. त्याची ती मुलगी आता दहावीला आहे.

मग आत्या म्हणाली माझ्याबरोबर चल. कुठे ते सांगितलं नाही. साधा ड्रेस घालून, पर्स छातीशी धरून ती रस्त्याने चालत होती आणि एका चष्म्याच्या दुकानासमोर जाऊन थांबली. तो आत होता. गल्ल्यामागे नाही, काउंटरवर, लोकांना फ्रेम काढून दाखवत होता, डाव्या हाताने. काचा बसवायला आता दुसरा माणूस. बारीकसा, केस विंचरलेले, आत्याला म्हणाला या ताई, नंबर काढायचाय का. ती म्हणाली, मी त्या ठाण्यात डायरी लिहिते.

त्याच्या हातात एक फ्रेम होती ती त्याने खाली ठेवली, दोन्ही दांड्या मिटल्या, नीट डबीत घातली. दुकानाचा मालक आत जेवत होता. तो हळू आवाजात बोलला, मला पुढे झुकून ऐकावं लागत होतं.

"ते पान कोर्टात माझ्यासमोर धरलं होतं. मी म्हटलं, इतकं नीट लिहिणारं माणूस खोटं कशाला लिहील. खरं सांगतो बाई, मलाच माझी शंका आली. वाटलं मी रात्रीच आलो असेन."

आत्याने समितीचं सांगितलं. काय सांगायचं ठरवलंय ते सांगितलं. मला वाटलं होतं तो खूश होईल, निदान रडेल, काहीतरी. तो घाबरला. त्याचं लग्न त्या प्रकारानंतर झालंय, बायकोला वाटतं हात मशीनमध्ये सापडला होता. हे दुकानही नंतरचं, मालकाला पण तेच माहीत आहे. तो म्हणाला, तुम्हाला जे करायचं ते करा पण माझं नाव नको, मला आता कुणाकडून काही नको. आत्याने शब्द दिला. माझ्या समोर दिला, नाव येणार नाही.

परत येताना ती इतक्या भरभर चालत होती की मला पळावं लागलं.

बैठकीसाठी मी हे सगळं एका पानावर टाइप करून दिलं होतं. तिने ते घडी करून ठेवलं आणि परत हाताने लिहिलं, आणि तेच वाचलं. तारीख, आणल्याची खरी वेळ, लिहिलेली वेळ, कुणाच्या सांगण्यावरून, कुणी लिहिलं. नाव नाही. साहेब म्हणाले, अकरा वर्षं झाली, बाईंच्या आठवणीत गोंधळ होतोय, त्यांची तब्येतही बरी नसते. आत्या म्हणाली, "आठवायची गरजच नाही साहेब. तुम्ही सांगितलं ते कुठेच लिहिलेलं नाही, पण मी लिहिलं ते अजून कपाटात आहे."

हे तिने मला अगदी सपाट आवाजात सांगितलं, जेवता जेवता. मी म्हटलं, आत्या, भारी. ती म्हणाली, पाणी दे.

न्यायाधीशांनी एकोणिसावा ठेवला. आणि ते पान मागून घेतलं, म्हणाले की हे आता माझ्याजवळ ठेवता येणार नाही, वर पाठवावं लागेल. आत्या म्हणाली, माहितीये.

चौथ्या दिवशी तिला निलंबित केलं. खात्याची चौकशी लागली, तिची आणि साहेबांची, पण तिची आधी, कारण अक्षर तिचं होतं. साहेबांनी नुसतं तोंडाने सांगितलेलं, ते शोधायचं कुठे. साहेब प्रकृतीच्या कारणाने समितीतून बाहेर पडले आणि रजेवर गेले. आत्या घरी. सवयीने पाचला उठायची, आंघोळ करून तयार व्हायची आणि मग कुठे जायचं नाही हे लक्षात आल्यासारखी खिडकीपाशी उभी राहायची. ठाण्यातून कुणाचा फोन नाही. लांब्याचा तर नाहीच.

आणि मग चष्म्याच्या दुकानातला तो माणूस आमच्या घरी आला. रविवारी सकाळी, हातात पाकीट. साक्षीला हजर राहण्याची नोटीस. बायकोने सही देऊन ती घेतली होती, उघडून वाचली होती.

आत्याने शब्द मोडला नव्हता, तिने नाव खरंच कुठे घेतलं नव्हतं. पण तारीख दिली होती. तारीख दिली की पान निघणार, आणि पानावर त्याचं नाव तिनेच लिहिलेलं होतं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. एकोणीस वर्षं जिने ती वही लिहिली तिच्या हे डोक्यात आलं नाही. मी टाइप केलं, माझ्याही आलं नाही. आम्ही दोघी त्या दोन ओळींत इतक्या अडकलो होतो की त्यांत नाव पण आहे हे विसरलो.

बाबांनी त्याला खुर्ची दिली. तो टेकला नुसता. आत्या समोर उभी, शिक्षा झालेल्या मुलीसारखी.

तो म्हणाला, "आता मी काय सांगायचं तेपण तुम्हीच सांगा."

"खरं ते सांगा," आत्या म्हणाली.

"ते मी तेव्हाही सांगितलं होतं."

चहा तसाच राहिला. तो गेल्यावर आत्याने तो कप विसळला, पुसला, जागेवर ठेवला. मी एकदा जवळ गेले तर म्हणाली, बाळा, आता नको.

मधल्या काळात आचारसंहिता छापून आली. निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, खिशात मावेल एवढं. प्राध्यापक बाईंनी एक प्रत आत्यासाठी पोस्टाने पाठवली. मी आधी एकोणिसावा नियम काढला. स्टेशन डायरीत शक्यतो ओळ मोकळी सोडू नये. शक्यतो. हा शब्द आम्ही टाइप केला नव्हता, मी माझी फाइल उघडून तीन वेळा बघितलं. वर कुठेतरी, कुणाच्या तरी टेबलावर घातला होता. मी इतकी भडकले की पुस्तक फेकलंच. आत्याने उचललं. वाचलं. म्हणाली, "शक्यतो म्हणजे सोडायचीच." आणि कपाटात ठेवून दिलं, त्या घडी केलेल्या टाइपच्या कागदावर. मी तिला विचारलं, पश्चात्ताप होतोय का. तर म्हणाली, कशाचा, दोन आहेत, कुठला विचारतेयस ते सांग.

चौकशीत त्याच्या साक्षीचा दिवस होता त्या दिवशी आत्याला बोलावलेलं नव्हतं. तरी ती गेली. मी कॉलेज बुडवून बरोबर गेले. लांबलचक व्हरांडा, भिंतीला लागून एक बाक, टोकाला पाण्याचं पिंप, दारावर शिपाई. तो आधीच आला होता, बाकाच्या एका टोकाला, पांढरा शर्ट घातलेला. बायको बरोबर होती. ती आत्याकडे बघत होती, म्हणजे सगळं, चप्पल, पर्स, हात. हातांकडे जास्त. आत्या दुसऱ्या टोकाला बसली. मी मध्ये बसले आणि मला कुठे बघावं कळेना.

त्याला आत बोलावलं ते अकराला. आत्याने घड्याळात बघितलं. बायको आणि आम्ही, बाकावर. एकदा ती पाणी प्यायला उठली, पिंपाचा नळ घट्ट होता, आत्या उठून गेली आणि तिने तो सोडून दिला. ती पाणी प्यायली आणि परत जागेवर येऊन बसली.

तो बाहेर आला तेव्हा पावणेएक झाला होता. बायकोजवळ गेला आधी. मग तिथूनच, उभ्या उभ्याच, आत्याला म्हणाला, "त्यांनी विचारलं त्या बाईंवर राग आहे का. मी हो म्हणालो. लिहून घेतलंय."

आत्याने मान हलवली. "वाचून दाखवलं का?"

"नाही. मीच मागून घेतलं आणि वाचलं. दोनदा. मग सही केली." तो थांबला. "तर म्हणाले सही जुळत नाही. जुन्या कागदावरची वेगळी आहे. म्हटलं, ती उजव्या हाताची आहे. हात जायच्या आधीची. मग तेही लिहून घ्यायला लावलं मी, का जुळत नाही ते."

बायकोने त्याच्या शर्टाची बाही धरली आणि ते दोघं व्हरांड्यातून चालत गेले. आत्या उठली नाही. पुढची तारीख तिची होती, आठ दिवसांनी, त्याच खोलीत.